पडद्याची तपासणी: आधी प्रश्न, मग यंत्र

तालुक्याच्या गावातल्या डोळ्यांच्या दवाखान्यातही आता डोळ्याच्या पडद्याचे, म्हणजे रेटिनाचे, प्रकाशाने काप दाखवणारं ओसीटीचं यंत्र दिसतं, ही फार चांगली गोष्ट आहे. भारतात मधुमेहींची संख्या १० कोटींवर गेल्याचं आयसीएमआरच्या पाहणीतून २०२३ मध्ये समोर आलं, आणि मधुमेहात पडद्याला होणारी इजा नजर कमी होण्याच्या बरीच आधी सुरू झालेली असते. पण यंत्र आलं म्हणजे तपासणी नीट झाली असं नाही. पेशंट फाइलमध्ये रंगीत कागद घेऊन येतो, त्यावरचा पडद्याच्या जाडीचा आकडा लाल रंगात असतो, आणि मूळ स्कॅन उघडले की कळतं: पापणी मध्ये आली होती, किंवा यंत्राने जाडी मोजण्याची रेघ भलत्याच थरावर ओढली होती.

पडद्याच्या विभागात नव्याने काम सुरू करणारे ऑप्टोमेट्रिस्ट, टेक्निशियन आणि निवासी डॉक्टर यांच्यासाठी हे लिहितो आहे. सांगायचं एकच आहे. पेशंटला यंत्रावर बसवण्याआधी नेमका प्रश्न ठरवा, आणि उत्तर रंगीत कागदावर न शोधता मूळ स्कॅनमध्ये शोधा.

यंत्राकडे जाण्याआधी

चष्म्यासह नजर, पिनहोलने (बारीक छिद्रातून) नजर आणि जवळची नजर, तिन्ही लिहा. सरळ रेषा वाकड्या दिसतात का, मध्ये डाग दिसतो का, हे विचारा. किती दिवसांपासून, हा प्रश्न सोडू नका. कालपासून अचानक दिसेनासं झालेल्या डोळ्याची तपासणी वर्षभर हळूहळू कमी झालेल्या डोळ्यासारखी करून चालत नाही.

औषधांची यादी स्वतः बघा. संधिवातासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू आहे का? स्टेरॉइड कुठल्याही वाटेने शरीरात जातं आहे का? गोळ्या, सांध्यातली इंजेक्शनं, दम्याचा पंप, नाकातला फवारा आणि दुकानातून परस्पर घेतलेली गोरेपणाची क्रीमसुद्धा विचारा. पडद्यामागे पाणी साठण्याच्या आजारात, म्हणजे सीएससीमध्ये, याच उत्तरावर पुढचं सगळं फिरतं, आणि पेशंट ते आपण होऊन सांगत नाही.

मग क्रम सांभाळा. उजेडाला दोन्ही बाहुल्या किती प्रतिसाद देतात याची तुलना, म्हणजे आरएपीडी, औषध टाकण्याआधीच बघायची. बाहुली मोठी झाली की ती खूण त्या दिवसापुरती गेली. स्लिट लॅम्पवर (डोळा मोठा करून बघण्याच्या यंत्रावर) बुबुळाच्या कडेचा कोन अरुंद वाटला तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय थेंब टाकू नका. आपल्याकडे ट्रॉपिकामाइड आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेले थेंब सर्रास वापरतात. रक्तदाब खूप वाढलेला असेल किंवा हृदयाचा त्रास असेल तर फेनिलेफ्रिन टाळून नुसतं ट्रॉपिकामाइड वापरता येतं. बुबुळाला स्पर्श करून घेतलेला दाब आणि गोनिओस्कोपी (काच टेकवून कोन बघणं) स्कॅननंतर करा. आधी केल्या तर बुबुळाचा पृष्ठभाग खरवडल्यासारखा होतो आणि स्कॅन धूसर येतो. आणि पेशंटला घरी नेणारं कुणी सोबत आहे ना, हे थेंब टाकण्याआधी विचारा. मोठ्या बाहुलीने दुचाकी चालवत जाणं धोक्याचं आहे.

फंडस फोटो

फंडस म्हणजे डोळ्याचा आतला मागचा भाग. साधा कॅमेरा त्याचा ४५ ते ५० अंशांचा भाग टिपतो. मधुमेहींचे प्रत्येक डोळ्याचे किमान दोन फोटो घ्या: एक मॅक्युला (पडद्याचा बारीक बघणारा मधला भाग) मध्ये ठेवून, दुसरा डिस्क (डोळ्याची नस जिथे सुरू होते ती जागा) मध्ये ठेवून. कडेला पांढरट चंद्रकोर आली तर कॅमेऱ्याचं अंतर किंवा मधोमधपणा चुकला आहे, पुन्हा घ्या. रक्ताचे बारीक ठिपके रंगीत फोटोत हरवतात, म्हणून हिरव्या प्रकाशातला रेड-फ्री फोटोही बघा.

अल्ट्रा-वाइडफील्ड कॅमेरा एका फोटोत सुमारे २०० अंश, म्हणजे पडद्याचा जवळपास ८२ टक्के भाग दाखवतो. कडेची रक्तपुरवठा तुटलेली जागा किंवा छिद्र शोधायला त्याला तोड नाही. मात्र त्यातले रंग लेसरवरून बनवलेले असतात, आणि खालच्या बाजूला पापणीचे केस हमखास येतात. कडेच्या छिद्राची खरी शंका असेल तर फोटोवर थांबू नका. डॉक्टरांनी इनडायरेक्टने (डोक्यावरच्या दिव्याने), डिप्रेशन देऊन (डोळा बाहेरून हलका दाबून) बघायलाच हवं.

फोटो बघून मधुमेही पडदा ओळखणारी एआय प्रणालीही आता आहे. अमेरिकेच्या एफडीएने २०१८ मध्ये अशा पहिल्या स्वयंचलित प्रणालीला मान्यता दिली. चाळणी म्हणून ती उपयोगाची आहे, पण तिला जे शोधायला शिकवलं तेवढंच ती शोधते.

ओसीटी: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

ओसीटीचं तंत्र १९९१ मध्ये अमेरिकेत एमआयटीच्या संशोधकांनी प्रथम मांडलं. सुरुवातीच्या व्यावसायिक यंत्रांचा वेग सेकंदाला १०० ते ४०० रेषा होता. आजची स्पेक्ट्रल-डोमेन यंत्रं सेकंदाला हजारो रेषा घेतात आणि ५ ते ७ मायक्रॉनपर्यंतचा थर वेगळा दाखवतात. इतकं बारीक बघणाऱ्या यंत्रासमोर पेशंट वाकडा बसला असेल तर सगळं फुकट जातं.

आधी टेबलाची उंची जुळवा. मान ताणून बसलेला माणूस काही सेकंदांत हलतो. मग साध्या शब्दांत सांगा: “काकू, हनुवटी इथे टेकवा, कपाळ पट्टीला लावा. आत खूण दिसते ना? तिच्याकडेच बघायचं. आता दोन-तीनदा उघडझाप करा... आणि आता बघत राहा.” हे सगळं स्कॅन सुरू होण्याआधी सांगायचं. मधेच “हलू नका” म्हटलं की माणूस दचकून हलतो. खूणच दिसत नसेल तर बाहेरचा दिवा दुसऱ्या डोळ्याला दाखवून नजर स्थिर करता येते.

स्कॅन कोणता घ्यायचा ते प्रश्नावर ठरतं. मधुमेहाच्या सुजेसाठी मॅक्युलाचा ६ बाय ६ मिमीचा क्यूब (चौकोनी भागातल्या कापांचा संच) आणि फोव्हियातून (मॅक्युलाच्या मधल्या खळग्यातून) जाणारे स्पष्ट रेषास्कॅन. सीएससी किंवा वयानुसार होणाऱ्या मॅक्युलाच्या झिजेत खालचा कोरॉइड (पडद्यामागचा रक्तवाहिन्यांचा थर) बघायचा असतो, म्हणून खोलवरचं दाखवणारा ईडीआय मोड लावा. जुना पेशंट असेल तर फॉलो-अप मोडच वापरा. त्यामुळे यंत्र मागच्या वेळच्याच जागेवर स्कॅन घेतं आणि सूज वाढली की उतरली हे खात्रीने सांगता येतं.

सिग्नल, म्हणजे स्कॅन किती चांगला आला त्याचा आकडा, बघा. सिरस यंत्रावर १० पैकी किमान ६ हवा. कमी आला तर कृत्रिम अश्रूंचा थेंब टाका, यंत्राची काच पुसा, मोतीबिंदू असेल तर बाहुलीच्या वेगळ्या भागातून किरण आत जाऊ द्या. आडवा स्कॅन तिरका आला असेल तर किरण बाहुलीच्या मधून गेलेला नाही. मोठा मायनस नंबर असलेल्या डोळ्यात पडद्याची कड वर उलटून आरशातल्यासारखी दिसते. तो आजार नाही, स्कॅनची उंची बदलून पुन्हा घ्या.

आता वाचन. रंगीत कागद बाजूला ठेवा, काप काळ्या-पांढऱ्यात लावा आणि सगळे काप वरून खाली सरकवत बघा. फक्त मधला काप बघितला की फोव्हियाबाहेरचं पाणी सुटतं, हे मी वारंवार पाहिलं आहे. प्रत्येक कापात आतून बाहेर या. आधी व्हिट्रिअस (डोळ्यातला जेलीसारखा भाग): ते पडद्याला ओढतं आहे का? मग पृष्ठभाग: वर पातळ, चमकदार पापुद्रा आहे का, पडद्याला चुण्या पडल्या आहेत का? फोव्हियाची वाटी शाबूत आहे का? मग आतले थर: काळ्या पोकळ्या, पांढरे ठिपके, थरांच्या सीमा पुसल्या गेल्या आहेत का? मग प्रकाश टिपणाऱ्या पेशींची, म्हणजे एलिप्सॉइड झोनची, चमकदार रेघ: सलग आहे की तुटलेली? पुढे नजर किती येईल याचा अंदाज बांधताना ही रेघ मोठी साक्षीदार असते. शेवटी आरपीई (पडद्याच्या तळाचा रंगद्रव्य असलेल्या पेशींचा थर): सपाट, उंचवटे असलेली, की वर उचललेली? आणि तिच्याखाली कोरॉइड जाड की पातळ?

पाणी पडद्याच्या थरांत आहे, पडद्याखाली आहे की आरपीईखाली, हे तिन्ही वेगळं लिहा. नुसतं ‘सूज आहे’ लिहून पुढच्या डॉक्टरांच्या हाती काही लागत नाही.

जाडीच्या आकड्यावर इथे थोडं थांबायला हवं. मधल्या १ मिमी वर्तुळाची सरासरी जाडी यंत्र काढतं ती दोन रेघांमधल्या अंतरावरून: एक पडद्याच्या वरच्या कडेवर, एक तळाशी. पडद्याखाली पाणी असेल, आरपीई उचललेली असेल किंवा वर पापुद्रा असेल तर या रेघा सहज घसरतात. खालची रेघ पाण्याच्या वरच्या कडेवर चढली तर सुजलेला पडदा कागदावर चक्क नॉर्मल येतो. वरची रेघ पापुद्र्यावर बसली तर नसलेली सूज दिसते. म्हणून रेघा दाखवणारा पर्याय चालू करून फोव्हियाच्या आसपासचे काप तपासा. रेघ चुकलेली दिसली तर ती हाताने दुरुस्त करा. ते जमत नसेल तर तो आकडा रिपोर्टमध्ये देऊ नका.

दुसरं, वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांचे आकडे एकमेकांशी ताडू नका, कारण खालची रेघ प्रत्येक यंत्र वेगळ्या थरावर धरतं. मधुमेहाच्या सुजेवरच्या अमेरिकी चाचण्यांत मध्यभागी सूज आहे असं धरण्याची मर्यादा स्पेक्ट्रालिस यंत्रावर स्त्रियांसाठी ३०५ आणि पुरुषांसाठी ३२० मायक्रॉन होती; सिरसवर तीच अनुक्रमे २९० आणि ३०५. पेशंटने दवाखाना बदलला आणि आकडा १५ मायक्रॉनने ‘वाढला’, तर सूज वाढली असं त्याला सांगणं अन्यायाचं आहे.

डाय टोचून अँजिओग्राफी

शिरेत फ्लुरोसिन ही चमकणारी डाय (रंग) टोचून वाहिन्यांचे फोटो घेण्याची अँजिओग्राफी १९६१ पासून वापरात आहे, आणि ओसीटीच्या काळातही तिची जागा पक्की आहे. रक्तवाहिनी गळते आहे का, कुठे पुरवठा तुटला आहे, नवीन वाहिन्या कुठे फुटल्या आहेत, हे ती कडेपर्यंत दाखवते.

इथे जिवाचा प्रश्न आहे, म्हणून घाई नको. ॲलर्जी, दमा, मागच्या वेळचा अनुभव, गरोदरपण आणि किडनीचा आजार विचारा, लेखी संमती घ्या. ॲड्रेनॅलिन, हायड्रोकॉर्टिसोन, ॲलर्जीचं इंजेक्शन, ऑक्सिजन आणि सलाइन त्याच खोलीत, हाताशी हवं. डॉक्टर इमारतीत नसतील तर डाय टोचायचीच नाही. तीव्र प्रतिक्रिया विरळा येते, पण आली तर मोठ्या माणसाला १:१००० ॲड्रेनॅलिन ०.५ मिली मांडीच्या बाहेरच्या स्नायूत लगेच द्यायचं असतं. ॲम्प्यूल शोधण्यात मिनिटं घालवायला तेव्हा वेळ नसतो.

डायलिसिसवर असलेल्या पेशंटच्या ज्या हाताला फिस्टुला (डायलिसिससाठी जोडलेली धमनी आणि शीर) आहे त्या हाताला सुई लावायची नाही, पट्टाही बांधायचा नाही. मनगटाकडे हात लावून थरथर जाणवते का बघा आणि स्पष्ट विचारा. मधुमेहाने डोळे आणि किडनी दोन्ही गेलेले पेशंट आपल्याकडे खूप येतात, आणि तो हात त्यांचा जीव आहे. स्तनाचं ऑपरेशन झालेल्या बाईच्या त्या बाजूच्या हातालाही सुई टाळा.

आधी सलाइन सोडून सुई शिरेत आहे याची खात्री करा. डाय बाहेर झिरपली तर भयंकर आग होते आणि कातडी खराब होऊ शकते. नेहमीचा डोस साधारण ५०० मिग्रॅ: १० टक्क्यांचं द्रावण असेल तर ५ मिली. टोचताच घड्याळ सुरू करा. डाय साधारण १० ते १५ सेकंदांत डोळ्यात पोचते, म्हणून पहिल्या अर्ध्या मिनिटात फोटो भराभर घ्यायचे आणि जास्त आजारी डोळा आधी धरायचा. एखाद्याला मळमळतं, ते मिनिट-दोन मिनिटांत जातं. “दीर्घ श्वास घ्या, हे होतं काहींना” असं आधीच सांगितलं असेल तर पेशंट घाबरत नाही. कातडी काही तास पिवळट, लघवी दिवसभर केशरी राहील, हे नातेवाइकांनाही सांगा. त्या दिवशी लघवीची तपासणी करून घेऊ नका.

वाचताना सुरुवातीचा आणि ५ ते १० मिनिटांनंतरचा फोटो शेजारी ठेवा. चमक वाढत आणि पसरत गेली, कडा धूसर झाल्या, तर गळती. चमक पोकळीत साठली आणि कडा स्पष्ट राहिल्या, तर साठलेलं पाणी. सुरुवातीपासून तेवढ्याच आकाराची राहून शेवटी फिकी झाली, तर आरपीईतली खिडकी, म्हणजे झिजलेला थर. काळा भाग दिसला तर फंडस फोटो उघडा: तिथे रक्त असेल तर त्याने चमक झाकली, काही नसेल तर पुरवठाच तुटलेला आहे. कोरॉइडच्या खोल वाहिन्यांसाठी, विशेषतः पीसीव्ही या आजारातल्या पॉलिप्ससाठी (वाहिन्यांच्या फुगवट्यांसाठी), आयसीजी ही दुसरी डाय वापरतात; त्यात आयोडीन असतं, तेव्हा त्याची ॲलर्जी आवर्जून विचारा.

सुईशिवायच्या दोन तपासण्या

ओसीटी अँजिओत यंत्र एकच जागा लागोपाठ स्कॅन करतं आणि दोन स्कॅनमध्ये जे बदललं ते वाहतं रक्त मानून वाहिन्यांचं जाळं रेखाटतं. गरोदर बाई, ॲलर्जी असलेला पेशंट यांच्यासाठी ते वरदान आहे. फोव्हियाभोवतीचं जाळं विरळ झालं आहे का, झिजलेल्या मॅक्युलाखाली चोरून नवीन वाहिनी आली आहे का, हे ते सुंदर दाखवतं. ३ बाय ३ मिमीचा स्कॅन अधिक स्पष्ट येतो, ६ बाय ६ जास्त भाग दाखवतो. पण गळती त्यात दिसत नाही, आणि अतिमंद वाहणारं रक्तही निसटतं. वरच्या वाहिन्यांची सावली खालच्या थरात उमटते, तिला नवीन वाहिनी समजू नका: आकार वरच्या थरातल्या वाहिनीशी तंतोतंत जुळला तर ती सावलीच. आडव्या पांढऱ्या रेघा म्हणजे डोळा हलला.

ऑटोफ्लुरोसन्समध्ये आरपीई पेशींतलं लिपोफ्युसिन हे साठलेलं द्रव्य चमकतं. पेशी मेल्या की ती जागा काळी पडते. कोरड्या झिजेचा डाग किती पसरला ते यात मोजता येतं, आणि जुन्या सीएससीत पाणी खाली ओघळल्याचे पट्टे दिसतात. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेणाऱ्यांची पहिली तपासणी औषध सुरू केल्यापासून वर्षभरात, आणि ५ वर्षांनंतर दरवर्षी करावी. डोस आणि किडनीचं काम यांवर ती आधीही सुरू करावी लागते. त्यात ओसीटी आणि फील्ड (दृष्टिक्षेत्राची तपासणी) हवंच, सोबत ऑटोफ्लुरोसन्सही घ्या. आशियाई लोकांत इजा मॅक्युलापासून थोडी लांब सुरू होताना दिसते, म्हणून फक्त मधला भाग तपासणाऱ्या १०-२ फील्डवर न थांबता जास्त रुंद २४-२ किंवा ३०-२ करा आणि ओसीटीही रुंद घ्या.

आतलं दिसतच नसेल तर

पिकलेला मोतीबिंदू किंवा व्हिट्रिअसमध्ये रक्त असेल तर अल्ट्रासाउंडचा बी-स्कॅन. मिटलेल्या पापणीवर जेल लावून प्रोब हलका टेकवा, पेशंटला डोळा इकडेतिकडे फिरवायला सांगा. सुटलेला पडदा डिस्कला चिकटून असतो आणि गेन (प्रतिध्वनी वाढवण्याचं प्रमाण) कमी केला तरी ठळक राहतो. सुटलेलं व्हिट्रिअस जास्त हेलकावतं आणि गेन कमी करताच फिकं होतं. मार लागून डोळा फुटल्याची शंका असेल तर प्रोब अजिबात लावू नका.

एक उदाहरण

समजा ५८ वर्षांच्या मधुमेही बाई आल्या. उजव्या डोळ्याची नजर ६/२४, डाव्याची ६/६. स्पेक्ट्रालिसवर उजव्याची जाडी २६८, डाव्याची ३३०. नुसता कागद बघणारा म्हणेल, डावा डोळा बिघडलाय, तिथे सुजेवरचं इंजेक्शन द्या. काप उघडा. उजव्या फोव्हियाखाली एलिप्सॉइड झोन तुटलेला, आतल्या थरांच्या सीमा पुसलेल्या. ओसीटी अँजिओत मधलं वाहिन्या नसलेलं क्षेत्र मोठं आणि वेडंवाकडं. म्हणजे सूज नाही म्हणून आकडा चांगला, पण मॅक्युलाचा रक्तपुरवठाच गेला आहे. इंजेक्शनने ती नजर परत येण्याची आशा फारशी नाही, आणि हे बाईंना प्रेमाने पण खरं सांगावं लागेल. डाव्या डोळ्यात मध्यभागी खरोखर सूज आहे, पण नजर ६/६. अशा डोळ्यांवरच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, लक्ष ठेवून नजर उतरली तरच इंजेक्शन सुरू करणं आणि लगेच इंजेक्शन देणं यांत दोन वर्षांनी नजर जाण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. त्यामुळे डॉक्टर लवकर फेरतपासणीची तारीख देऊन थांबू शकतात. पण त्यासाठी रिपोर्टवर जाडीशेजारी नजर लिहिलेली हवी. दोन्ही डोळ्यांच्या कडा बघायला वाइडफील्ड अँजिओग्राफी करायची का, हा पुढचा प्रश्न.

रिपोर्ट आणि त्याच दिवशी पाठवायचे पेशंट

रिपोर्टमध्ये क्रमाने लिहा: कोणत्या प्रश्नासाठी तपासणी केली, स्कॅनचा दर्जा, काय दिसलं, मागच्या वेळेपेक्षा काय बदललं. निदानाचा शेवटचा शब्द डॉक्टरांचा.

काही पेशंटना मात्र ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणायचं नाही. पडदा सुटला आहे पण मॅक्युला अजून जागेवर आहे, असा पेशंट त्याच दिवशी सर्जनकडे जायला हवा. मॅक्युला सुटली की गेलेली नजर पूर्ण परतेलच असं नाही. अचानक, न दुखता एका डोळ्याचं दिसणं गेलं आणि ओसीटीत आतले थर जाड, पांढरट दिसले, तर मुख्य धमनी बंद पडली असावी. हा डोळ्यातला पक्षाघातच आहे; त्याला पक्षाघातावर उपचार होतात अशा रुग्णालयात ताबडतोब पाठवा, बाकीच्या डोळ्याच्या तपासण्यांसाठी अडवून ठेवू नका. सोबत रंगीत कागदाऐवजी मूळ कापांची फाइल द्या. आणि कोणत्या डोळ्यात, कोणते थेंब, किती वाजता टाकले ते चिठ्ठीवर ठळक लिहा, म्हणजे तिथले डॉक्टर मोठी झालेली बाहुली बघून मेंदूत काही झालंय असं समजणार नाहीत.